मदत हवी आहे: जीसीसीच्या वॉर्निंग ठरावीक ओळींपुरत्या बंद करायच्या आहेत

कॉर्टेक्स-एम० (एक छोटा प्रोसेसर) चा बूटलोडर (चिप चालू होताच धावणारा प्रोग्रॅम) आहे. कंपायलर जीसीसी १२, ऑप्टिमायझेशन -ओ२, सोबत -डब्ल्यूऑल, -डब्ल्यूएक्स्ट्रा (जास्त वॉर्निंग देणारे पर्याय) आणि -डब्ल्यूएरर (प्रत्येक वॉर्निंगला एरर मानतो). बिल्ड दोन ठिकाणी अडतो. चिपसोबत आलेल्या हेडरमध्ये 'अनयूज्ड पॅरामीटर' (न वापरलेला पॅरामीटर), आणि पत्ता ४ वरचा रीसेट व्हेक्टर (रीसेटनंतर आधी चालणाऱ्या कोडचा पत्ता) वाचतो तिथे 'अ‍ॅरे बाउंड्स' (हद्दीबाहेरचा वापर). दुसरी वॉर्निंग जुन्या कंपायलरवर येत नव्हती. -डब्ल्यूएरर काढायचा नाही. काय करावं?

प्रतिसाद १
हेडरला हात लावू नका. त्या फोल्डरचा पाथ -आय ऐवजी -आयसिस्टिमने द्या, आतल्या वॉर्निंग दबतील. उत्पादकाच्या सी फाइलना मात्र याचा उपयोग नाही. मेकफाइलमध्ये तेवढ्या फाइलना -डब्ल्यूनो-अनयूज्ड-पॅरामीटर लावा. तुमच्या स्वतःच्या कॉलबॅकमध्ये पॅरामीटर वापरायचा नसेल तर पहिल्याच ओळीत तो व्हॉइडमध्ये कास्ट करा. तिथे प्रॅग्मा (कोडमध्ये लिहायची कंपायलरसाठीची सूचना) कशाला?

प्रतिसाद २
अ‍ॅरे-बाउंड्सचं कारण वेगळं आहे. जीसीसी १२ पासून ४०९६ च्या खालचा थेट लिहिलेला पत्ता नल पॉइंटरवरून (कुठेच न दाखवणाऱ्या पॉइंटरवरून) आलाय असं कंपायलर धरतो, म्हणून तिथल्या ऑब्जेक्टचा आकार शून्य मानतो. तुमच्या चिपवर तो पत्ता अगदी खरा आहे. त्यामुळे इथे वॉर्निंग दाबणं चूक नाही, पण एवढ्याच फंक्शनपुरती दाबा:

#प्रॅग्मा जीसीसी डायग्नोस्टिक पुश
#प्रॅग्मा जीसीसी डायग्नोस्टिक इग्नोर्ड "-डब्ल्यूअ‍ॅरे-बाउंड्स"
(पूर्ण फंक्शन)
#प्रॅग्मा जीसीसी डायग्नोस्टिक पॉप

ही वॉर्निंग ऑप्टिमायझेशननंतर निघते, म्हणून एका ओळीभोवती न गुंडाळता पूर्ण फंक्शन घ्या. पॉप विसरलात आणि हे हेडरमध्ये असेल, तर ते हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये पुढची तपासणी बंद. खरा ओव्हरफ्लो असाच निसटतो.

प्रश्नकर्ता
प्रॅग्मा न घालता जमेल का?

प्रतिसाद २
जमेल, आणि तेच बरं. लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोड मेमरीत कुठे ठेवायचा ते सांगणारी फाइल) व्हेक्टर टेबलच्या सुरुवातीला सिम्बॉल (त्या पत्त्याचं नाव) द्या, सी मध्ये तो एक्स्टर्न अ‍ॅरे म्हणून जाहीर करा आणि इंडेक्स १ वाचा. पत्ता लिंकिंगच्या वेळी ठरतो, त्यामुळे कंपायलरला आक्षेप घ्यायला जागाच उरत नाही. असे पत्ते बरेच असतील तर --पॅरॅम=मिन-पेजसाइझ=० द्या, म्हणजे ती ४०९६ ची मर्यादा शून्य होते.

प्रतिसाद ३
दुरुस्ती होईपर्यंतच सवलत हवी असेल तर -डब्ल्यूनो-एरर=अ‍ॅरे-बाउंड्स. बिल्ड पुढे जातो, वॉर्निंग लॉगमध्ये दिसत राहते. मॅक्रोमध्ये प्रॅग्मा हवा असल्यास सी९९ चा अंडरस्कोर-प्रॅग्मा ऑपरेटर वापरा. हॅशवाला (#प्रॅग्मा) तिथे चालत नाही. आणि फक्त क्लँगला (दुसरा सी कंपायलर) माहीत असलेलं नाव इग्नोर्डमध्ये लिहिलंत, तर जीसीसी त्याच ओळीवर नवी वॉर्निंग देतो. -डब्ल्यूएररमुळे बिल्ड पुन्हा अडेल.