ले-आउटमधली वाळलेली पाने: जाळावीत, खड्ड्यात कुजवावीत की झाडालाच परत द्यावीत?

मूळ मांडणी – एक रहिवासी, त्रिमूर्तीनगर, नागपूर

होळी झाली, पाडवा आठवड्यावर आला आणि आमच्या ले-आउटमधल्या कडुनिंबांची पानगळ आता सरत आली आहे. या दिवसांत रोज सकाळी रस्त्याच्या कडेला पानांचे ढीग लागतात आणि आठ वाजण्याच्या आत त्यांतले बरेचसे पेटवलेले असतात. गेल्या रविवारच्या बैठकीत मी असा प्रस्ताव मांडला, की मुलांच्या मैदानाच्या कोपऱ्यात दहा फूट लांब, चार फूट रुंद आणि तीन फूट खोल खड्डा खणून पाने त्यात कुजवावीत. मते विभागली गेली, म्हणून माझी बाजू येथे सविस्तर लिहिते.

आमच्या फाटकासमोरच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी सलग तीन वर्षे ढीग जाळला गेला. आज त्या बाजूची साल कमरेइतक्या उंचीपर्यंत काळी पडली असून बोट लावले तरी तिचा पापुद्रा सुटून येतो. झाडाच्या बाकी फांद्यांवर तांबूस पालवी फुटली आहे, मात्र जळलेल्या बाजूच्या दोन फांद्या अजून कोरड्याच आहेत. सालीच्या आतल्या थरातूनच पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते, त्यामुळे ही इजा वरवरची नाही. पाडव्याला ज्याची कोवळी पाने गूळ, ओवा आणि हरभऱ्याच्या डाळीबरोबर वाटून आपण खातो, त्याच झाडाशी असे वागणे मला सहन होत नाही.

शिवाय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केलेली आहे. साध्या प्रकारासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड त्या आदेशात सांगितला आहे.

उत्तर १ – ज्येष्ठ नागरिक, प्रतापनगर

ताई, झाडाबद्दलची आपली कळकळ मी समजू शकतो आणि बुंध्याशी आग लावणे चूकच आहे. तथापि संध्याकाळी अंगणात कडुनिंबाचा पाला धुमसवून डास घालवण्याची रीत आमच्या घरात माझ्या आजीपासून चालत आली आहे. मूठभर पाल्याचा धूर आणि टोपलीभर कचऱ्याची आग यांना एकच नियम लावणे मला न्याय्य वाटत नाही.

उत्तर २ – मैदानासमोरचे रहिवासी

माझा खड्ड्याला स्पष्ट विरोध आहे, आणि तो जाळण्याच्या बाजूने मुळीच नाही. एप्रिल-मेमध्ये नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात कोरड्या पानांनी भरलेल्या खड्ड्यात कोणी विझता विझता राहिलेली विडी टाकली, तर आग मैदानाच्या कुंपणापर्यंत येण्यास वेळ लागणार नाही. खड्डा ओला ठेवावा, असे आपण म्हणाल. परंतु ज्या महिन्यांत वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, त्या महिन्यांत पानांवर पाणी कोण शिंपडणार? आणि पावसाळ्याचे काय? तीन फूट खोल खड्ड्यात पाणी साचेल, आणि त्याच मैदानावर आमची मुले खेळतात. पाने गाडीने उचलून न्यावीत, एवढीच आमची मागणी असावी.

उत्तर ३ – गल्लीतील एक रहिवासी

गाडी पाने घेत नाही, हाच तर मूळ प्रश्न आहे. आमच्या गल्लीत झाडणाऱ्या बाईंना मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की घरचा कचरा भरल्यावर गाडीत पानांना जागाच उरत नाही, आणि ढीग तसाच ठेवला तर रस्ता झाडलाच नाही, असे म्हणून लोक त्यांनाच बोलतात. त्यामुळे काडी त्या लावतात हे खरे असले, तरी ती लावायला त्यांना आपणच भाग पाडतो. घरोघरच्यांनी दोन पोती जरी भरून ठेवली, तरी त्यांचे ओझे बरेच हलके होईल.

मूळ लेखिकेचे उत्तर

काका, मूठभर पाल्याबद्दल माझा वाद नाही, परंतु शेजारी दम्याचा रुग्ण असेल तर तेवढाही धूर त्याला पुरतो.

मैदानासमोरच्या काकांचे आगीबद्दलचे आणि साचणाऱ्या पाण्याबद्दलचे म्हणणे मला पटले, म्हणून खड्ड्याचा आग्रह मी सोडते. त्याऐवजी जमिनीवर तारेच्या जाळीचा गोल पिंजरा उभारता येईल. त्यात हवा खेळते, पावसाचे पाणी थांबत नाही आणि आत काय आहे ते बाहेरून दिसते. नुसत्या वाळलेल्या पानांत कर्ब फार आणि नत्र कमी असल्यामुळे ती कुजायला वेळ लागतो. अधूनमधून शेणकाला किंवा भाजीची देठे घातल्यास काम लवकर होते. पाण्याचे म्हणाल तर होळीनंतर घरोघरी कुलर लागले आहेत. डासांची पैदास होऊ नये म्हणून त्यांच्या टाक्या आठवड्याला रिकाम्या कराव्याच लागतात, आणि ते पाणी आज सरळ नालीत जाते.

उत्तर ४ – वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक

कुलरच्या पाण्याबाबत सावध राहावे. पाणी उडून जाते आणि क्षार टाकीतच राहतात. बोअरचे पाणी असेल तर कुलरच्या घासावर जो पांढरा थर बसतो, तो याचाच पुरावा आहे. असे पाणी सतत घातल्यास खत खारे होईल, म्हणून त्यात साधे पाणी मिसळावे.

परंतु माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. खड्डा असो वा पिंजरा, झाडाची पाने झाडापासून दूर नेण्याचाच हा खटाटोप आहे. पूर्वी रस्त्याकडेला माती होती आणि पडलेले पान पावसाळ्यात तिथेच जिरून जात असे. सिमेंटचा रस्ता झाला, त्यापुढे घराच्या भिंतीपर्यंत गट्टू (सिमेंटच्या फरसबंदीचे ठोकळे) बसले आणि झाडाचा बुंधा त्यांत गळ्यापर्यंत रुतला, तेव्हापासून पान हा कचरा झाला. हीच पाने पुढे नाल्यांच्या तोंडाशी अडकतात. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरातल्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या पुराची कारणे मोठी होती आणि पानांवर त्याचा दोष टाकता येणार नाही. पण पाणी वाहून जाण्याच्या वाटा मोकळ्या असणे किती आवश्यक आहे, हे त्या पहाटे सर्वांनी पाहिले. प्रत्येक बुंध्याभोवती चारही बाजूंनी एक मीटर माती मोकळी करून आळे करावे आणि पाने तिथेच पसरावीत. उन्हाळ्यात त्यांच्या आच्छादनाने मुळांशी ओल टिकते, हा लाभ पिंजऱ्यातून मिळणार नाही.

उत्तर ५ – मैदानासमोरचे रहिवासी

सरांचा मुद्दा मला मान्य आहे, मात्र गट्टू काढण्यापूर्वी लेखी परवानगी घेतलीच पाहिजे. उद्या रस्ता फोडल्याची तक्रार झाली, तर ती निस्तरायला कोणी पुढे येणार नाही. मोठ्या झाडांचा पाला एक मीटरच्या आळ्यात मावणार नाही, हेही उघड आहे. उरलेल्या पाल्यासाठी एक पिंजरा चालेल, परंतु तो मैदानात नव्हे, पाण्याच्या टाकीमागच्या पडीक पट्ट्यात असावा.

मूळ लेखिकेचे उत्तर

टाकीमागच्या जागेला माझी हरकत नाही. अर्जाचा मसुदा मी आज लिहिते आणि त्यात पहिले आळे आमच्या फाटकासमोरच्या जळक्या कडुनिंबाचे मागते. गल्लीत झाडणाऱ्या बाईंनाही रविवारच्या बैठकीला बोलवावे, आणि त्यांच्या वेळेसाठी ती सकाळी सातऐवजी दहाला घ्यावी.