फ्लूच्या रिसर्चसाठी प्लाझ्मा द्यायचा, काय असतं हे?

मंडळी, मागे फ्लू झालेला, टेस्टमध्ये एच१एन१ निघाला. आता ठणठणीत आहे. एक रिसर्च टीम प्लाझ्मा मागतेय. रक्तदान नेहमी करतो, पण हे मशीनवालं प्रकरण माहीत नाही. आणि आजार होऊन गेलाय म्हणजे अँटिबॉडी असणारच ना, मग आधी वेगळी टेस्ट कशाला?

उत्तर १: असतात पण किती ते माणसागणिक बदलतं, म्हणून टायटर बघतात, म्हणजे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) पातळ करत जायचं आणि कुठपर्यंत व्हायरसला अडवतं ते पाहायचं. कमी निघालं तर घेत नाहीत. मशीन रक्तातला प्लाझ्मा काढून लाल पेशी परत सोडतं, तासभर धरून चाल. मधेच ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांग, रक्त गोठू नये म्हणून घालतात त्या सायट्रेटने कॅल्शियम उतरतं, तेवढंच.

उत्तर २: बाळंतपण झालेल्या बायकांची एचएलए अँटिबॉडी (गरोदरपणात दुसऱ्याच्या पेशींविरुद्ध बनू शकणाऱ्या) टेस्टही बऱ्याच ठिकाणी करतात, कारण तो प्लाझ्मा पेशंटला दिला तर क्वचित फुप्फुसाला त्रास होतो.

उत्तर ३: पण याने फ्लूचे पेशंट बरे होतात असं समजू नका हं, 2019 मध्ये आलेल्या ट्रायलमध्ये जास्त टायटरचा प्लाझ्मा कमीवाल्यापेक्षा सरस ठरला नाही. रिसर्चला मात्र सोनं. 1918 च्या साथीतून वाचलेल्यांच्या रक्तात 2008 मध्येसुद्धा त्या व्हायरसविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या, नव्वद वर्षांनी!

प्रश्नकर्ता: बाप रे. चला, टायटरसाठी सँपल देतो आधी.