शब्दचर्चा : ‘धुरा’, ‘हिम’ आणि उंच शिखरावरच्या वाटेची स्थिती

प्रश्न (माध्यमिक शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी गिर्यारोहणाचे प्रशिक्षण पूर्ण करून यंदा उत्तराखंडातल्या कुमाऊँमधील नंदादेवी पूर्व या ७,४३४ मीटर उंचीच्या शिखराच्या पायथ्यापर्यंत आणि त्यावरच्या पहिल्या चढापर्यंत जाऊन आला. तिथल्या वाटेची स्थिती सांगणारे दोन पानांचे टिपण त्याने मला पाठवले आहे. ते निम्मे हिंदीत आणि निम्मे इंग्रजीत असून, गावच्या वाचनालयात वाचून दाखवता यावे म्हणून मी त्याचे मराठी करीत आहे. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, तेव्हापासून आमच्याकडच्या मुलांना हा विषय परका राहिलेला नाही. शब्द मात्र अजून परकेच आहेत.

पहिली अडचण एका ओळखीच्या शब्दानेच केली. टिपणात लिहिले आहे की मार्तोली गावाजवळ वाटा फुटतात, एक वाट मिलमवरून पुढे उंटा धुऱ्याकडे जाते आणि दुसरी ल्वां खोऱ्यात शिरून शिखराच्या पायथ्याशी नेते. मी हे वाक्य घरी मोठ्याने वाचले, तेव्हा आमच्या काकाजींनी विचारले, “धुऱ्यावर चढाले इतकी तयारी कायले पायजे?” आपल्याकडे धुरा म्हणजे शेताचा बांध, दोन शेतांमधली शीव, त्यावर तुरीचे चार ओळी झाड असते आणि त्यावरूनच भावाभावांचे खटले चालतात. तिथला धुरा पाच हजार मीटरांच्या वर आहे. हा शब्द तसाच ठेवावा, की ‘खिंड’ असे लिहावे?

दुसरी अडचण ‘बर्फ’ या शब्दाची आहे. मूळ टिपणात त्यासाठी निरनिराळे चार शब्द आलेले आहेत आणि माझ्या मराठीत चारही ठिकाणी ‘बर्फ’ एवढेच उरले आहे. ‘कोल’, ‘कॉर्निस’ आणि ‘क्रेव्हास’ यांचे काय करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर (शेतकरी, बुलडाणा जिल्हा)

सर, ‘धुरा’ हे विशेषनामाचा भाग म्हणून आले असेल तर ते बदलू नये. उंटा धुरा म्हणजे जोहार खोऱ्यातले व्यापारी १९६२ पर्यंत शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून ज्या वाटेने तिबेटात जात आणि तिकडून मीठ व लोकर आणीत, त्या वाटेवरची खिंड होय. ‘उंटा बांध’ असे कोणी केले तर नकाशात ती जागा सापडायची नाही. पहिल्यांदा ‘उंटा धुरा ही खिंड’ एवढे लिहावे आणि पुढे नुसते नाव चालवावे. वऱ्हाडातला धुरा आणि कुमाऊँतला धुरा यांचे मूळ एकच असेल असे मी म्हणणार नाही. दोन्हीकडे तो एका बाजूची जमीन दुसरीपासून वेगळी करतो, एवढे दिसते.

‘घाट’ हा शब्द मात्र कृपा करून वापरू नका. आमच्या जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे असे तालुक्यांचे दोन भाग पडलेले आहेत. सोयरिकीपासून ज्वारीच्या भाकरीपर्यंत सगळ्यांत तो फरक मोजला जातो. आमच्या माणसाला घाट म्हटले की एसटीची वळणे दिसतात.

‘कोल’बद्दल माझे मत असे की तिला खिंड म्हणू नये. जिथून माणसांचे आणि जनावरांचे येणे-जाणे आहे ती खिंड. दोन शिखरांमधली धार जिथे सर्वांत खाली येते, पण जिथून सहसा कोणी पलीकडे जात नाही, त्या जागेला आपण ‘खाच’ म्हणावे. विळ्याच्या धारेला दगड लागला की पडते, तशी.

उत्तर (गिर्यारोहणाचे प्रशिक्षण घेतलेली, मूळची अकोला जिल्ह्यातील)

‘खाच’ हा शब्द मला पटला, आणि या शिखराच्या बाबतीत तो विशेष बसतो. टिपणातली कोल ही बहुधा लाँगस्टाफ कोल असावी. ब्रिटिश गिर्यारोहक टॉम लाँगस्टाफ १९०५ मध्ये तिथवर पोहोचले होते आणि तिची उंची सुमारे ५,९१० मीटर आहे. तिच्या पलीकडे नंदादेवीच्या अभयारण्याचा अंतर्भाग आहे आणि तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गिर्यारोहकांना बंद आहे. म्हणजे चढणारा माणूस त्या खाचेत पोहोचून पलीकडे उतरत नाही, तर तिथून वळून दक्षिण धारेने वर जातो. १९३९ च्या पोलिश मोहिमेतल्या दोघांनी हे शिखर पहिल्यांदा गाठले तेही याच धारेने. ‘खिंड ओलांडली’ असे लिहिले तर ऐकणाऱ्याच्या मनात चुकीचा नकाशा तयार होईल. ‘धार’ हा शब्द मात्र निर्धास्त वापरावा, कारण तो सह्याद्रीत, सातपुड्यात आणि हिमालयातही त्याच अर्थाने चालतो; धौलाधार हे नाव सर्वांना ठाऊक आहे.

आता बर्फाविषयी, कारण या टिपणात सर्वांत अधिक काळजी तिथे घ्यायला हवी. वाटेच्या स्थितीचे टिपण लोक वर्णनाच्या आनंदासाठी वाचत नाहीत. उद्या कोणत्या वेळी निघायचे आणि बरोबर काय घ्यायचे, हे ठरवण्यासाठी वाचतात. म्हणून जो शब्द हे ठरवू देत नाही तो कितीही शुद्ध असला तरी निरुपयोगी आहे. आकाशातून पडते ते हिम, आणि पाणी गोठून किंवा हिम वर्षानुवर्षे दाबले जाऊन जे काचेसारखे कठीण होते ते बर्फ, हा भेद आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत आहे, बोलण्यात नाही. विदर्भातल्या माणसाची बर्फाशी ओळख लादीच्या किंवा गोळ्याच्या निमित्ताने होते आणि ते खरेच बर्फ असते. हिम त्याने पाहिलेलेच नसते. पण चढणाऱ्याचा जीव या भेदावर टांगलेला असतो. बर्फात पिळून बसवलेला आइस स्क्रू, म्हणजे दोर अडकवायचा धातूचा स्क्रू, माणसाचे वजन पेलतो. भुसभुशीत हिमात तोच स्क्रू हाताने ओढला तरी बाहेर येतो आणि तिथे धातूची लांब पट्टी गाडावी लागते. ‘खाचेखालचा चढ बर्फाचा आहे’ या वाक्यावर विसंबून कोणी नुसते स्क्रू घेऊन गेला आणि वर हिम निघाले, तर दोष भाषांतराचा ठरेल.

हिमाचे तरी किमान तीन प्रकार सांगावे लागतील. ताजे पडलेले ते ‘भुसभुशीत हिम’. (शेतकऱ्याच्या तोंडी भुसभुशीत ही जमिनीची स्तुती आहे, हे मी विसरलेले नाही, इथे ती तक्रार आहे.) वाऱ्याने वाहून आणून दाबून बसवलेले, वरून टणक वाटणारे आणि खालच्या थराशी नीट न जुळलेले ते ‘पापुद्र्याचे हिम’. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या चढावर सर्वाधिक हिमस्खलने होतात, आणि त्यांतली जीवघेणी बहुतेक वेळा याच प्रकारची असतात. तिसरे ते, जे दिवसा वितळते आणि रात्री पुन्हा गोठते. याला नाव शोधताना मला आमच्या शेतातली गारपीट आठवली. धुऱ्याच्या सावलीला साचलेला गारांचा ढीग दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळीने फोडावा लागे आणि दुपारी त्याच ढिगात पाय घोट्यापर्यंत जाई. शिखरावर नेमके हेच होते. पहाटे दोन-तीन वाजता त्यावर क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या धातूच्या चौकटीचे, दात करकर वाजत बसतात, सकाळ सरता सरता गुडघाभर लगदा होतो, आणि उन्हाने वरच्या कड्यांतले बर्फ सुटले की त्याने धरून ठेवलेले दगड खाली येऊ लागतात. याला ‘गोठीव हिम’ म्हणावे आणि पुढे वेळ लिहावीच. वेळ लिहिल्यावाचून त्या शब्दाला अर्थ नाही.

आणखी एक सावधगिरी. टिपणात मिलमच्या वाटेवरच्या बोगडियारच्या आसपास ‘रास्ते में ग्लेशियर है’ असे कुठे लिहिले असेल, तर त्याचे ‘वाटेत हिमनदी आहे’ असे करू नये. उत्तराखंडात लोक नाल्यात उतरून साचलेल्या हिमस्खलनाच्या ढिगालाही ग्लेशियर म्हणतात. तो ढीग मे-जूनपर्यंत नाल्यावर पुलासारखा टिकतो, खालून पाणी वाहत राहते आणि एक दिवस तो बसतो. मराठीत त्याला ‘नाल्यातला हिमाचा ढीग, खालून पोकळ’ असे सरळ सांगितलेले बरे. खऱ्या हिमनदीला गढवालात ‘बामक’ म्हणतात. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी ज्या डोकरियानी बामकावर सरावाला जातात, ती हिमनदीच आहे.

उत्तर (भूगोल शिक्षिका, वाशीम जिल्हा)

दोनच शब्दांविषयी लिहिते. हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीच्या राशीला ‘हिमोढ’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द आहे आणि तो चांगला आहे, पण पहिल्यांदा येताच ‘पायाखाली हलणारे दगड’ असे स्पष्टीकरण जोडावे. सुट्या खड्यांच्या उतरंडीला सह्याद्रीतले भटके ‘घसारा’ म्हणतात. आमच्याकडे हा शब्द पतसंस्थेच्या ताळेबंदात असतो आणि यंत्रसामग्रीवर आकारला जातो, त्यामुळे वाचनालयात हशा पिकण्याची शक्यता गृहीत धरावी. ‘सुटा मुरूम’ म्हटले की आपल्या माणसाला पाय कसा सरकेल ते लगेच कळते.

वर्तमानपत्रांतला ‘हिमकडा कोसळला’ हा प्रयोग मात्र टाळावा. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत पूर आला तेव्हा तो सर्रास छापला गेला. प्रत्यक्षात रोंटी शिखराच्या अंगावरून सुमारे दोन कोटी सत्तर लाख घनमीटर खडक आणि बर्फ एकत्र सुटले होते आणि त्यात खडकाचा वाटा फार मोठा होता. हिम घसरले तर हिमस्खलन, खडक पडला तर दरड, दोन्ही असेल तर दोन्ही लिहावे. नंदादेवी पूर्वच्या शेजारी मे २०१९ मध्ये आठ गिर्यारोहकांचा बळी गेला, ते हिमस्खलन होते.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

आपणा सर्वांचा मी आभारी आहे. ‘क्रेव्हास’ला मी आधी ‘भेग’ लिहिले होते. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला पडतात त्या भेगा डोळ्यांपुढे होत्या. पण त्या उघड्या असतात, त्यांत फार तर पाय अडकतो, आणि पहिल्या पावसात त्या मिटतात. हिमनदीतली भेग कित्येक मीटर खोल असते आणि वरून हिमाने झाकलेली असू शकते, म्हणून आता ‘हिमभेग’ लिहून पुढे ‘गवताने झाकलेल्या, कठडा नसलेल्या विहिरीसारखी’ अशी जोड दिली आहे. आमच्या तालुक्यात अशा विहिरींत जनावरे पडतात, तेव्हा जास्त समजावण्याची गरज पडणार नाही.

‘कॉर्निस’साठी मला ‘हिमाची वळचण’ हा शब्द सुचला होता आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला होता. धारेवरचे हिम वाऱ्याने एका अंगाला छपराच्या कडेसारखे पुढे येते, तेव्हा रूप अगदी तेच असते. मग लक्षात आले की वळचणीला माणूस पावसात आसऱ्यासाठी उभा राहतो. चुकून पाय पडू नये म्हणून ज्या जागेची खूण सांगायची, तिला आसऱ्याचे नाव देणे बरोबर नाही. वळचण काढून ‘अधांतरी हिम’ असे केले आहे. सुधारलेला उतारा असा :

“खाचेखालचा चढ पहाटे गोठीव हिमाचा असतो आणि क्रॅम्पॉन चांगले धरतात. सकाळी उशिरा वरून दगड सुटतात, त्यामुळे उजाडायच्या आत वर पोहोचावे. मधल्या टप्प्यात हिमाखाली निळे बर्फ लागते; तिथे स्क्रू बसतो, पट्टी बसत नाही. धारेवर डाव्या अंगाला अधांतरी हिम आहे, त्याच्या कडेपासून दूर, उजव्या उतारावरून चालावे.”

उत्तर (अकोल्याच्या त्याच सदस्य)

उतारा चांगला झाला आहे, फक्त शेवटच्या वाक्यातला ‘उतार’ बदलावा. वर जाणाऱ्याला उद्देशून लिहिताना मराठी ‘उतार’ खाली जाण्याची दिशा सुचवतो, आणि वाचून दाखवताना ऐकणारा तिथे हमखास अडखळेल. ‘उजव्या अंगाने’ एवढे पुरे आहे. शिवाय ‘डाव्या’ आणि ‘उजव्या’ हे चढतानाचे की उतरतानाचे, ते त्या मुलाला फोनवर विचारून घ्यावे.

प्रश्नकर्ता

विचारले. त्याने चढतानाचे लिहिले होते. ‘चढताना डाव्या अंगाला, परतताना उजव्या अंगाला अधांतरी हिम’ अशी दुरुस्ती केली आहे. रविवारी वाचन आहे. काकाजींनी पुढच्या रांगेत बसायचे ठरवले आहे.