प्रतिसाद: आयकिडोत मॅच का नाही

"मॅचच नाही तर आपण किती पाण्यात आहोत ते कळणार कसं" हा आयकिडो या जपानी युद्धकलेबद्दल विचारलेला प्रश्न रास्त आहे. पण आयकिडोचे संस्थापक उएशिबा काही हरायला घाबरणारे नव्हते हो, दाइतो-र्यू जुजुत्सु ही जुनी जपानी युद्धकला शिकलेला माणूस, मग ओमोतो या जपानी धार्मिक पंथाकडे वळले आणि १९२५ मध्ये एका नौदल अधिकाऱ्याने लाकडी तलवार घेऊन हल्ला केला तर म्हणे हे नुसते वार चुकवत राहिले, शेवटी तोच दमून बसला (भक्तांनी थोडा मसाला घातला असेलच). त्यांचं म्हणणं एकच, खरा विजय म्हणजे स्वतःवरचा, 'मासाकात्सु आगात्सु'.

सरावात हे लगेच दिसतं. समोरच्याने मनगट धरलं की ओढाताण करायची नाही, पाय फिरवून त्याच्याच बाजूला जायचं, याला तेनकान म्हणतात, आता दोघं एकाच दिशेला बघतायत आणि तोल मात्र त्याचा गेलेला. चार वेळा तुम्ही पाडायचं, की मग चार वेळा तुम्हीच पडायचं. नीट पडणं, म्हणजे उकेमी, हेच जास्त अवघड आहे राव!

बाकी सगळ्यांनाच हे पटलं असंही नाही, त्यांचेच शिष्य केन्जी तोमिकी, मूळचे ज्युदोवाले, त्यांनी पुढे नकली सुरा घेऊन स्पर्धा सुरू केल्याच.