मेजरच्या आत कॉन्सन्ट्रेशन: सामाईक किती, वेगळं किती?

शाईपेन:
आमच्या गणिताच्या मेजरमध्ये (पदवीच्या मुख्य विषयात) शुद्ध गणित, संख्याशास्त्र आणि डेटा सायन्स अशी तीन कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे विषयाच्या आतल्या खास वाटा, आणायची आहेत. पदवी 120 क्रेडिटची, मेजर 42 चं. डेटा सायन्सवाले सहकारी स्वतःसाठी 30 मागतायत, म्हणजे सामाईक उरले 12. मला हे पटत नाही, पण बैठकीत मुद्दा नीट मांडता आला नाही. कसा मांडू?

जुना खडू:
तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे. 12 सामाईक म्हणजे वेगवेगळी मेजरच झाली, नाव तेवढं एक. पदवीवर ‘गणित’ वाचणारा माणूस धरून चालतो की या मुलीने लिनिअर अल्जिब्रा आणि रिअल अनॅलिसिस केलेलं आहे. तो भरवसा तिन्ही वाटांनी टिकायला हवा. मी निम्म्याहून जास्त सामाईक ठेवतो: 42 मध्ये 24 ते 27, उरलेले कॉन्सन्ट्रेशनचे. विद्यापीठागणिक नियम वेगळे असतात, तुमच्याकडची किमान मर्यादा आधी पाहून घ्या. हार्वर्ड आणि ब्राउनमध्ये तर मेजरलाच कॉन्सन्ट्रेशन म्हणतात, त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे उचलू नका.

खरा घोळ लपलेल्या क्रेडिटांचा असतो. कागदावर कॉन्सन्ट्रेशनचे 15 दिसतात. पण मशीन लर्निंगला प्रोबॅबिलिटी लागते, प्रोबॅबिलिटीला मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, शिवाय प्रोग्रॅमिंगचे कोर्स दुसऱ्या विभागाचे. प्रत्येक कोर्सपासून मागे बाण काढत जा आणि पहिल्या सेमिस्टरपर्यंतची बेरीज करा.

आणि कोर्स खरंच शिकवला जाणार आहे का, तेही बघा. एकदा माझी एक विद्यार्थिनी डिग्री ऑडिटचा, म्हणजे पदवीच्या कुठल्या अटी पूर्ण झाल्या ते दाखवणारा, कागद घेऊन आली. सगळ्या ओळी हिरव्या, एक लाल: टाइम सिरीज. तो कोर्स वर्षाआड व्हायचा, आणि त्या वर्षी शिकवणारे रजेवर. मी पर्यायी कोर्सच्या अर्जावर सही केली, ती वेळेवर सुटली. पण तिच्या कॉन्सन्ट्रेशनचा कणाच त्यातून निघून गेला, हे मला आजही लागतं. त्या कोर्सला दुसरा शिकवणारा नेमणं आमचं काम होतं.

तिसरा तास:
एक भर घालते. मुलं मन बदलतात. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वाट बदलली तरी वर्ष वाया जाऊ नये, म्हणून पहिली दोन वर्षं शक्यतो सामाईक ठेवा. आमच्याकडे याच मुद्द्यावर समितीने प्रस्ताव परत पाठवला होता.

शाईपेन:
बाण काढले. डेटा सायन्सचे 30 प्रत्यक्षात 41 निघाले! सहकाऱ्यांना कागद दाखवला, ते 18 वर यायला तयार आहेत. आता 24 सामाईक. पुढच्या दोन वर्षांत कुठला कोर्स कोण शिकवणार, याचा तक्ता सोमवारी भरायला बसतोय.

जुना खडू:
तक्त्यात प्रत्येक कोर्सपुढे दोन नावं लिहा.