देखाव्यातला रोलर कोस्टर: गाडी लूपच्या माथ्यावर अडते, चढ अजून किती वाढवू?

रूळ_शहापूर
नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूर भागातल्या एका मंडळासाठी यंदा चालता रोलर कोस्टर करतोय. चतुर्थीला सहा आठवडे राहिलेत. 6 मिमी एमएस (माइल्ड स्टील) रॉडचे दोन रूळ, मधलं अंतर 60 मिमी, दर 12 सेमीला आडवी पट्टी टॅक केलेली, म्हणजे ठिपक्यापुरती वेल्ड केलेली. चढ 120 सेमी उंच, मग उतार, एक वळण आणि लूप. लूप पूर्ण गोल, व्यास 70 सेमी. गाडी पाच डब्यांची, लांबी 60 सेमी, वजन 900 ग्रॅम, चाकं म्हणून 623 नंबरची बेअरिंग.

पुस्तकी हिशेबाने त्रिज्येच्या अडीच पट उंची पुरते, म्हणजे 87.5 सेमी. इथे 120 असूनही गाडी माथ्याच्या जरा अलीकडे थबकते आणि रूळ सोडून खाली येते. लूपच्या तळाशी दोन पट्ट्यांचे टॅकही तुटलेत. चढ 160 करावा तर मंडपाचं छत आड येतं. शिवाय लाईट गेली की गाडी चढावरून मागे घसरते. काय करावं?

फर्मा_उद्यमबाग
दादा, चढाला हात लावू नका. चूक लूपच्या आकारात आहे आणि वाटेत जिरणाऱ्या ऊर्जेत आहे.

आधी किती जिरतं ते मोजा. लूप सोडवून बाजूला ठेवा आणि त्याच जागी नुसता सरळ चढ जोडा. गाडी 120 वरून सोडा, समोर मधला डबा कुठवर चढतो तिथे खडूची खूण करा. मधलाच डबा धरा, कारण गाडीचा वजनमध्य तिथे आहे. सुटतानाची उंचीही मधल्या डब्यापासूनच मोजा. पहिला डबा शिखरावर आहे म्हणून अख्खी गाडी 120 वर आहे असं होत नाही. माझा अंदाज, 82 ते 86 च्या आसपास येईल. तसं असेल तर तुमच्या अडीच पटीला दोन-चार सेमी कमी पडतंय, आणि माथ्याच्या जरा अलीकडे रूळ सुटतो तो त्यामुळेच.

आता तळाचे टॅक. गोल लूपमध्ये माथा जेमतेम पार करायचा म्हटलं तरी तळाशी 6 जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सहापट भार पडतो, मग लूप लहान असो की मोठा. तुमची 900 ग्रॅमची गाडी तिथे पाच किलोच्या वर भार देते. चढ 160 केलात तर हा भार साडेसहा किलोच्या पुढे जाईल आणि टॅक रोज तुटतील. खऱ्या कोस्टरमध्येही हेच झालं. 1895 साली कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाचा गोल लूपचा कोस्टर होता, त्यात बसणाऱ्यांच्या माना दुखावायच्या. 1976 मध्ये कॅलिफोर्नियात अँटोन श्वार्झकॉफच्या कारखान्याने ‘रिव्होल्यूशन’ उभा केला. त्यात वेर्नर श्टेंगल या इंजिनिअरने थेंबाच्या आकाराचा, म्हणजे क्लोथॉइड लूप वापरला: खाली मोठी त्रिज्या, वर लहान. खाली वेग जास्त म्हणून वळण सैल, वर वेग कमी म्हणून वळण घट्ट.

तुमच्या मापात तो असा बसतो. तळाला 50 सेमी त्रिज्येचा पाव गोल, रूळ उभा झाला की वर 20 सेमी त्रिज्येचा अर्धा गोल, मग उतरताना पुन्हा 50 चा पाव गोल. एकूण उंची तीच 70. पण माथा जेमतेम पार करायला आता 80 सेमी पुरतात आणि तळाचा भार 6 वरून 4.2 जी वर येतो. छताला न शिवता साडेसात सेमी हातात आले की!

एक काळजी घ्या. 50 वरून थेट 20 वर उडी मारलीत तर त्या जोडावर भार सव्वा जी वरून एकदम तीनवर जातो. गाडी तिथे धाडकन आपटेल आणि पुढचा डबा उचलेल. म्हणून दोन्हींच्या मध्ये 30-35 सेमी त्रिज्येचा वीतभर तुकडा घाला. उंची दोन-तीन सेमी इकडेतिकडे होईल, चालतं. अख्खा लूप 12 मिमी प्लायवर पूर्ण मापात काढा, त्याचाच फर्मा कापा. 6 मिमीचा रॉड फर्म्यावरून काढला की उघडतो. आधी एक तुकडा वाकवून किती उघडतो ते मोजा आणि फर्म्याची त्रिज्या तेवढी कमी ठेवा.

येणारा आणि जाणारा रूळ जमिनीपासून 10 सेमीवर एकमेकांना ओलांडतात. डब्याची रुंदी 9 सेमी असेल तर लूपभर मिळून 12 सेमी बाजूला सरकवा, सगळं माथ्यावरच सरकवू नका.

लूपवेडी_खानापूर
वरचं सगळं बरोबर आहे, फक्त गाडी रूळ “सोडते” हा भाग राहिला. डब्याला चाकं किती प्रकारची आहेत? वर्णनावरून फक्त वरची दिसतात. खऱ्या गाडीला प्रत्येक कोपऱ्यात तीन असतात: रुळावर चालणारं, बाजूने धरणारं आणि रुळाच्या खालून लागणारं अप-स्टॉप. हे खालचं चाक अमेरिकेच्या जॉन मिलरने 1919 च्या सुमारास आणलं, आणि तेव्हापासून शिखरावर गाडी उडेल ही भीती संपली. खोपोलीच्या इमॅजिकातल्या ‘नायट्रो’वर जाल तेव्हा स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचे चाकांचे संच नीट बघा, ही रचना समजते.

अप-स्टॉप लावल्यावर आत्ताच्या वेगातही गाडी माथा ओलांडेल, पण रखडत, लटकत. ते चाक सुरक्षेसाठी आहे, वेगाची भरपाई त्यातून करू नका. चालताना ते रुळाला टेकताच कामा नये, 1 मिमी फट ठेवा. बाजूच्या चाकांनाही दोन्हीकडची मिळून 1 मिमी. त्याहून कमी ठेवलीत तर वेल्डिंगने रूळ जिथे आत ओढला गेलाय तिथे गाडी चिमटेल. 60 मिमीचा एक गेज-ठोकळा करून पूर्ण रुळावर हाताने सरकवत न्या. अडेल ती जागा खुणेने धरा, तापवून सरळ करा.

आणि वळण. लूपच्या आधीचं वळण सपाट असेल तर तिथेच बाजूची चाकं घासून वेग जातो. मोबाईलवर 240 फ्रेमचा स्लो मोशन घ्या. रुळावर 50 सेमीच्या दोन खुणा करा. मध्ये 48 फ्रेम गेल्या तर 0.2 सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला 2.5 मीटर. या वेगाला 40 सेमी त्रिज्येच्या वळणावर रूळ 58 अंश कलता हवा. डोळ्याला जास्त वाटतो, पण गाडी गप्प जाते. कलवताना रूळ स्वतःभोवती न फिरवता डब्याच्या मध्याभोवती फिरवा. खऱ्या कोस्टरमध्ये बसणाऱ्याच्या छातीच्या रेषेभोवती फिरवतात, नाहीतर डोकं एका बाजूला झोकलं जातं.

रूळ_शहापूर
ताई, अप-स्टॉप नव्हतं, बरोबर ओळखलंत. फर्मादादांनी सांगितल्याप्रमाणे मोजलं: मधला डबा 84 वर थांबला. वळण सपाटच होतं. बेअरिंग अजून बदलली नाहीत.

टर्नर_निपाणी
बेअरिंग बदलू नका, धुवा. 623 सारख्या लहान बेअरिंगमधलं ग्रीस हलक्या गाडीला फार अडवतं. रबर सील असेल तर पिनेने काढा, थिनरमध्ये खळबळून वाळवा आणि सुईच्या टोकावर मावेल तेवढं शिलाई मशीनचं तेल सोडा. बोटाने फिरवल्यावर चाक एक-दोन फेऱ्यांत थांबायचं, ते आता कितीतरी वेळ फिरत राहिलं पाहिजे. पावसाळी हवेत धुतलेलं बेअरिंग गंजतं, म्हणून रोज संध्याकाळी चालू करण्याआधी तेवढा एक थेंब. रूळही कोरड्या फडक्याने पुसा.

सांगाडा हलतो का तेही बघा. गाडी जाताना लूपच्या माथ्यावर बोट ठेवा. थरथर लागली तर तेवढी ऊर्जा खांबात गेली. माथ्यापासून दोन्ही बाजूंना तिरपे आधार द्या, ओळंबा लावून लूप उभा आहे ना ते तपासा.

लाईटचं: मोटर वर्म गिअरची घ्या, गाडीच्या वायपरची चालते, बंद पडली की साखळी उलटी फिरत नाही. पण तेवढ्यावर विसंबू नका, साखळीचा हूक निसटू शकतो. रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी बसवा, दाते 12 मिमीवर, आणि डब्याखाली बिजागरीवर लोंबणारी जीभ. वर जाताना ती दात्यांवरून टकटक करत घसरते, मागे आली की अडकते. स्प्रिंग लावू नका, स्वतःच्या वजनाने पडू द्या. एक जीभ दुसऱ्या डब्याला, एक चौथ्याला, म्हणजे एक चुकली तरी दुसरी धरते. सायकलची साखळी, 18 दात्यांचं चाक आणि मिनिटाला 30 फेरे ठेवलेत तर 35 अंशाचा चढ साधारण 18 सेकंदात पार होतो. वायपर मोटर तासन्‌तास चालवायला केलेली नसते, दर फेरीनंतर मिनिटभर थांबवा.

रूळ_शहापूर
धुतलेली बेअरिंग आणि कलतं वळण, दोन्ही केलं. मधला डबा आता 98 वर जातो. लूपला 80 हवेत. म्हणजे झालं ना?

फर्मा_उद्यमबाग
जवळजवळ. सरळ चढावर मोजलेला आकडा लूपमध्ये तसाच मिळत नाही. लूपमध्ये गाडी रुळाला चौपट-पाचपट दाबते आणि घर्षण त्याच प्रमाणात वाढतं. त्यापोटी 10 सेमी सोडा. उरले 88, तरी माथ्यावर गाडी रुळाला स्वतःच्या वजनाच्या 0.8 पट दाबून जाईल, लटकणार नाही. तळाच्या पट्ट्या मात्र दर 6 सेमीला घ्या आणि टॅकऐवजी दोन्ही बाजूंनी पूर्ण वेल्ड करा. पहिल्या पन्नास फेऱ्या रिकाम्या मंडपात घ्या आणि दर दहा फेऱ्यांनी लूपचे जोड हातोडीने हलके ठोकून ऐका. ज्या जोडाचा आवाज बद्द येईल तो पुन्हा वेल्ड करा. लूपच्या बाजूला पोरांचे हात पोचणार नाहीत अशी जाळी पहिल्या चाचणीपासूनच लावा.