गिंप शिकताना कुठे अडलात, कसे सुटलात? (अनुभव धागा)

कुळागर
परवा भाच्याचा फोन आला. गावच्या काल्याच्या नाटकाचं हँडबिल यंदा पोरं घरीच करतायत, प्रेसवर फक्त छपाई. गिंप या फोटो-चित्रांवर काम करायच्या प्रोग्राममध्ये मजकूर बसला, देवळाचा फोटो बसला आणि मग ब्रश चालेनासा झाला. रंग निवडलाय, ब्रश मोठा केलाय, उमटत मात्र काहीच नाही. ते ऐकताना मला डिचोलीच्या प्रेसमधला शाईचा वास आठवला. गुलाबी पातळ कागद, खिळे जुळवून छापलेली पात्रांची नावं, तळाला "स्त्रियांना बसण्याची स्वतंत्र सोय". आम्ही पोरं ती हँडबिलं सायकलवरून वाडीवाडीत वाटायचो.

भाच्याच्या ब्रशचं कारण असं निघालं: कोपऱ्यात एक लहानसं सिलेक्शन (निवडून ठेवलेला भाग) राहिलं होतं आणि झूममुळे ते दिसत नव्हतं. सिलेक्शन असलं की गिंप त्याच्या आतच रंगवू देतो. कंट्रोल-शिफ्ट-ए दाबलं की ते जातं. तरी उमटलं नाही तर लेयरभोवतीची (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एकाभोवतीची) पिवळी तुटक रेघ बघा. चिकटवलेला फोटो लहान असला तर त्याचा लेयरही तेवढाच असतो, रेघेबाहेर रंग जात नाही. लेयर मेनूत 'लेयर टू इमेज साइज' केलं की झालं.

फुकटचं आणि इतकं ताकदीचं साधन हातात असताना पोरांनी पहिल्याच संध्याकाळी कंटाळून सोडू नये, एवढ्यासाठी हा धागा. तुम्हीही लिहा.

पेडणेकरीण
कुकर लावलाय तेवढ्यात लिहिते. इरेजर!! खोडलं की आरपार दिसण्याऐवजी पांढरं पडतं. जेपीजी फोटोला अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकतेची सोय, नसतोच. लेयर, ट्रान्सपरन्सी, अ‍ॅड अल्फा चॅनल. मग खोडलं की मागे राखाडी चौकटी दिसतात, म्हणजे बरोबर. शिट्टी झाली, येते.

घुमट
ताईंना +१. आणि ते नंतर पीएनजीतच काढा. जेपीजीत पारदर्शकता राहत नाही. आमच्या आरती मंडळाच्या टीशर्टवर घुमट वाद्याचं चित्र पांढऱ्या चौकोनासकट छापून आलं होतं. चवथ तोंडावर, पुन्हा छापायला वेळ नाही. सगळ्यांनी तसेच घातले आणि आरत्या दणक्यात झाल्या 😀

सत्तरीकर
कुळागरदादा, डिचोलीचा कुठला प्रेस? बाजारातला?

कुळागर
बाजाराच्या मागच्या गल्लीतला. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे.

फोंड्याचा
सेव्ह केलं की .एक्ससीएफ फाइल होते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाच उघडत नाही. ती गिंपची स्वतःची फाइल. २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून सेव्ह आणि एक्स्पोर्ट वेगळे केलेत. पाठवायला फाइल मेनूत 'एक्स्पोर्ट अ‍ॅज', नावाच्या शेवटी .जेपीजी किंवा .पीएनजी. पण एक्ससीएफ टाकून देऊ नका. पुढच्या जत्रेला तारीख आणि नाटकाचं नाव बदललं की काम झालं.

खडू
मराठी मजकुराबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे मुलं सगळ्यात जास्त हिरमुसतात आणि दोष बहुतेक वेळा गिंपचा नसतो.

जुन्या डीटीपी फाँटातला मजकूर कुणी पाठवला की गिंपमध्ये तो इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन दिसतो. त्याला उपाय एकच, युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) रूपांतर करा नाहीतर पुन्हा टंकलेखन. मुक्त, बलू असे चांगले मराठी फाँट फुकट मिळतात. गिंप चालू असताना नवा फाँट टाकला आणि यादीत आला नाही, तर फाँटच्या पॅनलमध्ये रिफ्रेशचं बटण आहे.

दुसरं, ओळी गायब होणं. टेक्स्ट टूलच्या पर्यायांत 'बॉक्स' फिक्स्ड असेल तर चौकटीत न मावलेला मजकूर दिसतच नाही. डायनॅमिक करा.

तिसरं माझं लाडकं. त्याच पर्यायांत खाली लँग्वेज आहे. तिथे मराठी ठेवा. ज्या फाँटात सोय आहे त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. देवळाच्या फलकावर 'श्री लईराई' लिहिताना तो ल आपला दिसला की बरं वाटतं.

घुमट
खडूबाई, हा लँग्वेजचा पर्याय इतकी वर्षं डोळ्यांसमोर होता 🙏 देव बरें करूं.

माडाखाली
पॅनलच सगळी गायब झाली तर टॅब दाबा. धाकटी मांडीवर येऊन बसली की हमखास तेच बटण दाबते. एखादंच पॅनल बंद झालं असेल तर विंडोज मेनूत 'रीसेन्टली क्लोज्ड डॉक्स'.

सत्तरीकर
इथे दुपारपासून लाइट नाही. पाऊस कसला पडतोय. फोनवर ४ टक्के, नंतर वाचतो.

वेंगुर्ल्याहून फोंड्यात
आजोबा दशावतारात काम करायचे. त्यांचा एकच फोटो आहे, काळापांढरा, मुकुट घातलेला. स्कॅन करून आणला आणि मुकुटाला थोडा सोनेरी रंग द्यायला बसले, तर कुठलाही रंग घेतला तरी राखाडीच उमटायचा. फाइल ग्रेस्केल होती. इमेज, मोड, आरजीबी केलं आणि पिवळा आला. मग वर नवा लेयर घेऊन रंग त्यावर भरला, मोड 'कलर' ठेवला, म्हणजे खालच्या सावल्या जशाच्या तशा राहतात. आजीने फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बोटाने मुकुटच चाचपत राहिली.

पेडणेकरीण
फोटो टाका ना इथे. आमच्या गावातही दशावतार यायचा, रात्रभर जागायचो.

छपाईवाला
प्रेसवर काम करतो म्हणून सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला १०८० पिक्सेल रुंदीचा फोटो इंचाला ३०० पिक्सेलने छापला तर साडेतीन इंचांच्या आसपासच होतो. रिझोल्यूशनच्या खान्यात नुसते ३०० लिहून पिक्सेल वाढत नाहीत. 'स्केल इमेज'ने ताणला तर मोठा होईल, पण धूसरच. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. नवी फाइल घेतानाच ए५ आणि ३०० ठेवा, म्हणजे हँडबिलाचं माप पहिल्यापासून बरोबर.

रंगांचं म्हणाल तर पडद्यावरचा झगझगीत केशरी कागदावर तसा येत नाही, आधीच मनाची तयारी ठेवा. गिंपच्या २०२५ च्या ३.० आवृत्तीत जेपीजी आणि टिफ सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) एक्स्पोर्ट करता येतात. तरी सगळ्या प्रती काढण्याआधी एक नमुना छापून बघा, हजार प्रती निघाल्यावर आम्हालाही वाईट वाटतं.

फोंड्याचा
३.० वर जा असंच मीही म्हणेन. २.१० मध्ये पेस्ट केलं की 'फ्लोटिंग सिलेक्शन' व्हायचं आणि ते अँकर (खालच्या लेयरला चिकटवणं) किंवा नवा लेयर केल्याशिवाय दुसरं काही करू देत नसे. आता पेस्ट केलेलं थेट नवा लेयर होऊन येतं.

माडाखाली
छपाईवाले, ए५ च्या फोटोपेपरवर २०० प्रती अंदाजे किती होतील? भजनी सप्ताहासाठी हव्यात.

छपाईवाला
हँडबिलाला फोटोपेपर कशाला ताई, साधा आर्ट पेपर घ्या. मेसेज करा, सांगतो.

सत्तरीकर
लाइट आली. गिंप मोबाइलवर चालतं का हो?

फोंड्याचा
अधिकृत अँड्रॉइड आवृत्ती नाही. त्या नावाने दिसेल ते उतरवू नका. विंडोज, मॅक, लिनक्स, कशावरही असलं तरी गिंप डॉट ओआरजीवरूनच घ्या.

सत्तरीकर
मग शेजारच्या पोराचा लॅपटॉप मागतो. वाळपईच्या बाजूला कुणी शिकवणारं असेल तर कळवा.